धर्मग्राम : वसईतील कॅथलिक श्रद्धेचा समूहेतिहास

मराठी साहित्याच्या इतिहासात ‘ख्रिस्ती’ हा शब्द आला की त्यापाठोपाठ काही नावे ठरल्यासारखी येतात. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. पदव्युत्तर वर्गात आपण ‘यमुनापर्यटन’ (१८५७) शिकवतो, ‘अरुणोदय’चा उल्लेख करतो आणि ‘स्मृतिचित्रे’पाशी मनापासून रमतो. ही सारी माणसे प्रॉटेस्टंट परंपरेतली आहेत, आणि विशेष म्हणजे ती सारी धर्मांतरित आहेत. पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ चा, रमाबाईंचा १८८३ चा, टिळकांचा १८९५ चा. त्यांच्या लेखनाच्या मुळाशी एक निर्णय आहे. त्या निर्णयाआधीची तगमग आहे, घरदार तुटण्याचे दुःख आहे आणि नंतर स्वतःला समजावण्याची धडपड आहे. या लेखनाचे मोल कमी लेखण्याचा हेतू अर्थातच नाही. पण त्यामुळे आपल्या समीक्षेला एक सवय जडली आहे. ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे एका व्यक्तीच्या अंतःकरणात घडलेले नाट्य, असे आपण गृहीत धरून चालतो.

मुंबईच्या उत्तरेला, वसईच्या पट्ट्यात, शेकडो वर्षे मराठी बोलणारा, शेती, बागायत आणि मासेमारी करणारा कॅथलिक समाज राहत आला आहे. त्याच्या श्रद्धेला हे गृहीतक लागू पडत नाही. तिथल्या माणसाने धर्म निवडलेला नसतो. जन्मानंतर त्याला चर्चमध्ये नेले जाते, त्याचे नाव एका वहीत लिहिले जाते, त्याच वहीच्या शेजारच्या वहीत त्याच्या लग्नाची आणि तिसऱ्या वहीत त्याच्या मृत्यूची नोंद होते. या तीन नोंदींच्या मधले आयुष्य तो ज्या व्यवस्थेत जगतो तिला वसईच्या मराठीत ‘धर्मग्राम’ म्हणतात. ही श्रद्धा समजून घ्यायची तर माणसाच्या मनाआधी त्याच्या या गावाकडे पाहावे लागते.

‘धर्मग्राम’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. युरोपीय भाषांतील यासाठीचे शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्या ‘परोइकिया’चा मूळ अर्थ परक्या मुलखात तात्पुरती वस्ती करणे असा आहे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्या स्वतःला या जगातल्या पाहुण्या समजत. पुढे पाहुणे स्थिरावले, शब्दाचा अर्थ फिरला आणि तो एका धर्मगुरूच्या देखरेखीखालच्या हद्दीचे नाव झाला. मराठीने ‘ग्राम’ हा शब्द उचलून त्या स्थिरावण्यालाच नाव दिले. वसईच्या कॅथलिकाला आपण इथे पाहुणे आहोत असे कधी वाटले नसावे. जुनी माणसे तर चर्चला आजही ‘देऊळ’च म्हणतात.

या व्यवस्थेचा कायदेशीर सांगाडा ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घडवला. १५६३ साली या परिषदेने विवाहासाठी स्थानिक धर्मगुरूची आणि साक्षीदारांची उपस्थिती आवश्यक ठरवली आणि बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या ठेवण्याचा दंडक घातला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यात मृत्यूची आणि हद्दीतील कुटुंबांच्या स्थितीची नोंद जोडली. पोर्तुगीज मुलखात उपवासकाळात कोणी पापनिवेदन केले आणि कोणी टाळले याचीही यादी असे. म्हणजे धर्मग्रामाची वही ही आपुलकीची वही होती तशी ती पाळतीचीही वही होती. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला एक लहान खंड वगळता, इन्क्विझिशन चालू होते आणि त्याचा हात वसईपर्यंत पोहोचत होता, हे विसरून धर्मग्रामाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

पण त्याच काळात, त्याच व्यवस्थेच्या पोटी, मराठीतला एक महाग्रंथ जन्मला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. आपण त्यातला मराठीच्या थोरवीचा भाग वेचून पाठ्यपुस्तकात घालतो, तो पाठ करून घेतो आणि पुढे जातो. मूळ काव्याचा आरंभ मात्र वेगळेच काही सांगतो. साष्टीत पाद्रीगुरू नवख्रिस्तींना धर्मशिक्षण देत असता श्रोत्यांतला एक ब्राह्मण विचारतो, की जुनी पुराणे वाचायची नाहीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्या मागणीचे उत्तर आहे. रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये जमलेल्या लोकांना तो वाचून दाखवावा अशी योजना होती. त्याची प्रश्नोत्तरांची घडण, पुन्हा पुन्हा श्रोत्यांकडे वळणे, ओवीची संथ चाल, हे सारे त्या श्रवणातून आले आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा त्याच्या तीन आवृत्त्या त्या शतकात निघाल्या, त्याही वाचनालयांसाठी नव्हे. धर्मग्राम नसता तर ‘ख्रिस्तपुराणा’ला श्रोता नसता; आणि श्रोता नसता तर ते लिहिले गेले नसते, असे म्हणायला हरकत नाही. पुढे १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि या प्रवाहाला बांध घातला.

वसईची कथा गोव्याहून निराळी झाली ती राजकीय कारणाने. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि इतर संघांचे धर्मगुरू आले, किल्ल्यात आणि किल्ल्याबाहेरच्या गावांत चर्चे उभी राहिली. नकाशावर त्याच्या खुणा अजून आहेत. मर्सेस आणि रमेदी ही वसईतली ठिकाणे आपली नावे मारियेच्या पोर्तुगीज बिरुदांवरून मिळवून बसली आहेत, एक ‘दयामाता’ या अर्थाचे, दुसरे ‘उपायमाता’ या अर्थाचे. याच वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ साली संत ठरला.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मराठी वाचकाला या प्रसंगाची वीरगाथेची बाजू पाठ असते. दुसरी बाजू अशी, की पोर्तुगीज अधिकारी, शिपाई आणि युरोपीय धर्मगुरू निघून गेले. राजाश्रय गेला, मठांची मिळकत गेली. चर्चच्या घंटा मराठा सरदारांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातली, भीमाशंकरची आणि मेणवलीची घंटा आजही पाहता येते. काही कुटुंबे पुन्हा हिंदू समाजात परतली. ज्यांनी धर्म केवळ सत्तेच्या दडपणाखाली धरला होता त्यांना तो सोडायला यापेक्षा सोयीची वेळ नव्हती.

तरीही बरेच लोक ख्रिस्ती राहिले. का राहिले, हा या साऱ्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे. अंतःकरणातील नाट्याची भाषा इथे आपल्याला फार पुढे नेत नाही. कारण या माणसांनी आत्मवृत्ते लिहिली नाहीत, कबुलीजबाब ठेवले नाहीत. त्यांनी ठेवले ते वेळापत्रक. चर्च चालवायला आता देशी धर्मगुरू होते. अनेक गावांमागे एक धर्मगुरू, अशी ओढाताण असणार. मग तो नसेल त्या दिवशी क्रुसापाशी जमून रोझरी म्हणायची, लितानी गायची, आणि मयताला खांदा द्यायचा, हे गावानेच करायचे. फ्रेंच प्रवासी आन्केतिल दु पेरों १७६० च्या सुमारास ठाणे-साष्टी भागातून गेला. मराठ्यांच्या अमलाला तेव्हा वीस वर्षे होऊन गेली होती. त्याला वाटेवर क्रूस दिसले आणि ठाण्यात हजारो ख्रिस्ती लोकांनी उघडपणे, थाटात साजरा केलेला सण पाहायला मिळाला, जणू एखाद्या ख्रिस्ती देशात असावे तसा. या साक्षीतून मराठ्यांची सहिष्णुता दिसते हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे राजा गेल्यावरही सण करणारी माणसे, वर्गणी गोळा करणारी माणसे, पालखीसारखी मूर्ती खांद्यावर घेणारी माणसे जागेवर होती.

भाषेत याची एक सुंदर खूण उरली आहे. वसईतील सामवेदी ख्रिस्ती समाज स्वतःला ‘कुपारी’ म्हणवतो. हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आला असे मानले जाते. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जो धर्मपिता होतो त्याचे आणि मुलाच्या बापाचे परस्परांशी जे नाते जुळते, ते नाते सांगणारा हा शब्द. एका अख्ख्या समाजाने आपले नाव ना कुळावरून घेतले, ना धंद्यावरून, ना स्थळावरून. ते घेतले बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी जुळलेल्या सोयरिकीवरून. ही व्युत्पत्ती खरी असेल तर धर्मग्राम म्हणजे काय याची याहून चांगली व्याख्या मला ठाऊक नाही.

अर्थात याच नावात एक कुंपणही आहे. कुपारी, वाडवळ, कोळी, भंडारी असे भेद बाप्तिस्म्याने पुसले नाहीत. बोली वेगळ्या राहिल्या, सोयरिकी ज्याच्या त्याच्या वर्तुळात होत राहिल्या. वस्त्याच जातवार असल्याने काही धर्मग्रामांना आपोआपच एका जातीचा रंग चढला. एकाच क्रुसासमोर गुडघे टेकणारे एकाच पंक्तीला बसत होतेच असे नाही. समूहश्रद्धेची ताकद आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणाहून येते. जो समूह माणसाला धरून ठेवतो तोच ‘आपले’ कोण हेही ठरवतो.

या जीवनाचे चक्र शेताच्या चक्रात गुंफलेले होते. वसईचा बागाईतदार केळी, पानवेल, भाजी आणि फुले पिकवून मुंबईच्या बाजाराला पाठवी. पहाटे गाडी गाठायची, त्याआधी चर्चची घंटा; संध्याकाळी घरी दिवेलागणीला आणखी एकदा घंटा, मग घरच्या वेदीपाशी रोझरी. उपवासकाळात लग्ने नाहीत, मे महिन्यात मारियेची भक्ती, २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात ‘आगेरा’ साजरा होतो; भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद घेतला जातो. नव्या धान्याचा पहिला घास देवाला, ही कल्पना त्यांच्या हिंदू शेजाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. निर्मळ गावात शंकराचार्यांची समाधी मानली जाते, तिथे कार्तिकात यात्रा भरते आणि वसईची सुकेळी विकली जातात. त्याच निर्मळला पवित्र क्रुसाचे चर्च आहे. दोन्ही पंचांगे एकाच मातीवर चालतात.

या सगळ्यात धर्मगुरूचे स्थान मोठे होते. पण लोक मुकाट्याने ऐकणारे होते, असे चित्र काढले तर ते खोटे ठरेल. एकोणिसाव्या शतकात मुंबई परिसरातील कॅथलिक समाज दोन अधिकारक्षेत्रांच्या भांडणात सापडला होता. एका बाजूला पोर्तुगीज राजाच्या ‘पाद्रोआदो’ हक्काखालचे धर्मगुरू, दुसऱ्या बाजूला थेट रोमच्या ‘प्रोपागांदा’ने नेमलेले. चर्च कोणाचे, हा प्रश्न लोकांनी आपला मानला. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बिशप हार्टमन स्वतःला कोंडून घेऊन बसले आणि विरोधी गटाने कित्येक दिवस बाहेर वेढा दिला. प्रसंग हास्यास्पद वाटतो, आणि काहीसा आहेही. पण चर्चची किल्ली कोणाकडे असावी यासाठी सामान्य माणसे उन्हात दिवसेंदिवस बसून राहतात, तेव्हा ते चर्च त्यांच्या दृष्टीने बिशपचे नसते, राजाचे नसते आणि पोपचेही नसते. १८८६ च्या करारानंतर वसई दमणच्या धर्मप्रांतात गेली, १९२८ मध्ये मुंबईच्या महाधर्मप्रांतात आली आणि १९९८ साली तिचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या प्रशासकीय फेरफारांनी गावातल्या माणसाच्या दिवसाचा क्रम फारसा बदलला असेल असे वाटत नाही.

त्याचा दिवस बदलला तो इतर गोष्टींनी. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत कॅथलिक सहकारी पतव्यवहार सुरू झाला. त्यातूनच आजची बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक उभी राहिली. सावकाराच्या वहीतून शेतकऱ्याचे नाव काढायचे तर त्याला दुसऱ्या वहीत जागा द्यावी लागते, आणि जामीन राहायला एकमेकांना ओळखणारी माणसे लागतात. ती ओळख धर्मग्रामात तयार होती. सहकाराच्या इतिहासकारांनी या दुव्याकडे पाहायला हवे.

दुसरा बदल भाषेचा. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे आपले पहिले धर्मपत्र ४ डिसेंबर १९६३ ला प्रसृत केले आणि लोकभाषेतल्या मिस्सेला वाट मोकळी झाली. तोवर वेदीवर लॅटिन चाले आणि बाकावरची माणसे आपापली रोझरी ओढत. वसईच्या माणसाने घरात कुपारी किंवा वाडवळी बोलावे, शाळेत प्रमाण मराठी शिकावी आणि देवाशी न कळणाऱ्या भाषेत बोलले जाताना पाहावे, अशी तीन मजली व्यवस्था होती. मराठी मिस्सा आल्यावर दोन मजले एक झाले. प्रार्थनांसाठी, स्तोत्रांसाठी, वाचनांसाठी मराठी घडवावी लागली. ‘ख्रिस्तशरीर’, ‘धर्मभगिनी’, ‘पापनिवेदन’, ‘प्रेषित’ असे शब्द रविवारच्या रविवार हजारो कंठांतून उच्चारले जाऊ लागले. कुठल्याही साहित्यिक चळवळीला न लाभलेला असा हा नियमित, मोठ्याने वाचणारा समाज आहे. वाचकाच्या पाळीत गावातली शिक्षिका येते, तसाच केळीचा बागाईतदारही येतो. विधी समजणे म्हणजे श्रद्धा वाढणे नव्हे, हे मान्य. पण भाषेच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. चर्चच्या कायद्यानेही पुढे आपली व्याख्या बदलली. १९१७ च्या संहितेत धर्मग्राम हा मुख्यतः प्रदेशाचा विभाग होता. १९८३ च्या संहितेत तो आधी ‘श्रद्धावंतांचा समूह’ ठरला. वसईकराला हे रोमने सांगण्याची गरज नव्हती.

या भूमीत ‘सुवार्ता’ हे मासिक रुजले. १९८३ ते २००७ एवढा दीर्घकाळ फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक होते. नंदाखालच्या या लेखकाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईच्या आंदोलनाला वाणी दिली. विहिरींचे पाणी टँकरवाले उपसून नेत होते, जमिनी बळकावल्या जात होत्या, आणि त्याविरुद्ध उभे राहिलेले लोक केवळ ख्रिस्ती नव्हते. ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला, जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला झालेला विरोध त्यांच्या लेखनाला नव्हता, धर्मगुरूपणाला होता, हे इथे नोंदवले पाहिजे. २५ जुलै २०२४ ला ते गेले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘नाही मी एकला’ असे आहे. हे शीर्षक पदमनजींच्या ‘अरुणोदया’शेजारी ठेवून पाहावे. एकात एका माणसाच्या मनात उजाडते. दुसऱ्यात ‘मी’ उच्चारतानाच तो एकटा नसल्याची जाणीव दिली जाते. टिळकही अखेरच्या काळात मिशनची चौकट सोडून ‘देवाचा दरबार’ मांडायला निघाले होते. त्यांना समूह नव्याने शोधावा लागला. दिब्रिटोंना तो जन्मतःच मिळाला होता, आणि त्याच्याशी भांडण्याचीही सोय त्यात होती.

आज हे सारे हलते आहे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. अनेक गावांनी त्यात जायला विरोध केला. बागा कमी झाल्या, इमारती वाढल्या, बाहेरून आलेल्या कॅथलिकांमुळे स्टेशनजवळच्या चर्चांतून इंग्रजी, कोंकणी, मल्याळम अशा भाषांच्या मिस्सा होऊ लागल्या. तो त्यांचा हक्कच आहे. प्रश्न वसईच्या मूळ घरांतला आहे. मुले इंग्रजी माध्यमात जातात, आणि मुंबई बेटावरच्या ईस्ट इंडियन समाजात आधीच जे घडले, म्हणजे आजी मराठीत आणि नात इंग्रजीत प्रार्थना करते, ते इथेही घरोघर दिसू लागले आहे. धर्मग्राम टिकेल, त्याने १७३९ पचवले आहे. तो मराठीत टिकेल का, हे सांगता येत नाही. एका गावात मराठी मिस्सेची वेळ सकाळी सातवरून पाचवर ढकलली गेली, तर तिला येणारे कोण आणि न येणारे कोण हे आपोआप ठरते. भाषेचा मृत्यू बहुधा अशाच वेळापत्रकांतून होतो.

संशोधनासाठी विषय शोधणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, आणि तेच चार कादंबरीकार पुन्हा मागतात. वसईच्या धर्मग्रामांनी आपापल्या महोत्सवांच्या निमित्ताने स्मरणिका काढल्या आहेत. त्यांत जाहिरातींच्या पानांमध्ये दडलेले लेख असतात: कुण्या निवृत्त शिक्षकाने लिहिलेली वाडीची हकिकत, बोलीतले लग्नगीत, जुन्या धर्मगुरूंची यादी, पुराच्या वर्षी चर्चमध्ये कोण कोण राहिले त्याचा वृत्तान्त. ग्रंथालयांत त्या सहसा मिळत नाहीत. त्या घरांच्या माळ्यांवर असतात, आणि घरे आता पाडली जात आहेत.